ताशी ऐंशीचा बडा ख्याल

मोटारसायकलला मोठे स्पीकर बसवणाऱ्या माणसाला गाणं सोडून बाकी सगळं मिळतं, असं माझं ठाम मत आहे. आणि ते मी जुन्या जालन्यातल्या गांधी चमनपासून कुंडलिकेपलीकडे मामा चौकापर्यंत कुठल्याही पानटपरीवर उभं राहून मांडायला तयार आहे. मांडलंही आहे. त्यातल्या दोन टपऱ्यांवर मला हल्ली पान लावून मिळतं ते न बोलण्याच्या अटीवर. पण मत असं की ते मला गप्प बसू देत नाही, आणि स्पीकर असे की ते मला बोलू देत नाहीत. म्हणून हा कागद. निदान इथे तरी माझं वाक्य पुरं होण्याआधी मधूनच कोणाचं ‘ढुंग ढुंग चिक’ येणार नाही.

आमच्या गावाबद्दल जुनी माणसं ‘जालना सोने का पालना’ असं म्हणत आली. पाळणा सोन्याचा असेल, पण त्यात मूल झोपेल अशी सोय हल्ली उरलेली नाही. दुपारी अडीचला नातवाला थोपटून थोपटून निजवावं, आपणही जरा पाय लांब करावेत, तोच गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल वळते. तिचा आवाज आधी खिडकीच्या काचेला कळतो, मग मांडणीवरच्या भांड्यांना, मग नातवाला, आणि मग साऱ्या गल्लीला. कळत नाही ते फक्त त्या गाडीवर बसलेल्याला. तो आणखी आवाज वाढवतो.

आता हे मी हवेत बोलत नाही. हा गाडीवाला माझा सख्खा भाचा आहे.

भाचा तसा गुणी. मी आयुष्यभर बियाण्याच्या धंद्यात हिशेब लिहिले, तो डिप्लोमा करून औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यात लागला. बाहेरच्या माणसाला जालना म्हटलं की या दोनच गोष्टी आठवतात, आणि आमच्या घराने दोन्ही सांभाळल्या. पहिल्या सहा पगारांच्या जोरावर त्याने हप्त्यांनी मोटारसायकल घेतली. सातव्या पगारात तिला स्पीकर बसवले. आठव्या पगारात ते काढून दुसरे बसवले. नवव्या पगाराला तो माझ्याकडे आला.

“मामा, थोडे पैसे लागत होते. सिस्टीम अपग्रेड करायचीय.”

“का? बिघडली?”

“नाही हो. साठपर्यंत एकदम झकास ऐकू येतं. साठच्या पुढे आवाज पडतो. हायवेला तर काहीच कळत नाही.”

आमच्या वेळी वस्तू बिघडली की दुरुस्त करीत, आणि दुरुस्त होईना की बोहारणीला देत. न बिघडलेली वस्तू पैसे देऊन काढून टाकायची आणि तिच्या जागी दुसरी बसवायची, हे कुटुंबनियोजनाच्या आधीच्या काळातल्या संस्थानिकांनाच परवडत असे. आता त्याला अपग्रेड म्हणतात आणि ते नवव्या पगारात करतात.

पैसे मी दिले नाहीत, पण दुकानात त्याच्याबरोबर गेलो. नव्या जालन्यातलं दुकान. मालक गोड बोलणारा. “काका, पन्नास वॉटचे निकालो, शंभरचे डालो. आवाज डबल. टेन्शनच नहीं.” दुकानदाराने दाखवलेल्या खोक्यावर तर दोन हजार वॉट असं छापलं होतं आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ. या पीएमपीओचा उलगडा मला एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने फार पूर्वी करून दिला होता. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्पीकरला जास्तीत जास्त जो धक्का देता येईल असं कागदावर वाटतं, तो हा आकडा. म्हणजे एखाद्या माणसाचा पगार त्याला लागलेल्या लॉटरीच्या स्वप्नावरून मोजावा, तसं.

पण खोकं बाजूला ठेवू. शंभर वॉट खरे धरले तरी ‘आवाज डबल’ हे गणित कुठल्या शाळेतलं? आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबल हा हिशेबाच्या वहीत न बसणारा प्राणी आहे. वॉट दुप्पट केले की डेसिबल फक्त तीनने वाढतात. कानाला तीन डेसिबल म्हणजे वरणात मीठ एक चिमूट जास्त पडावं इतकंच. आवाज दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर साधारण दहा डेसिबल लागतात आणि दहा डेसिबलला वॉट लागतात दहापट. पन्नासचे पाचशे. आता पाचशे वॉट आणायचे कुठून? मोटारसायकलची बॅटरी बारा व्होल्टची. पाचशे भागिले बारा, म्हणजे चाळीस अँपिअरच्या वर. साध्या मोटारसायकलीच्या बॅटरीची ताकद तीन ते पाच अँपिअर-अवर. ज्या विहिरीला दोन घागरी पाणी आहे तिच्यावर दहा अश्वशक्तीचा पंप बसवायचा, हा प्रकार जालना जिल्ह्याच्या शेतकऱ्याला मी समजावून सांगायला नको. भाच्याच्या गाडीवर नुसते शंभर वॉट चढले तेव्हाच रात्री दर ‘ढुंग’ला पुढचा दिवा डोळा मिचकावू लागला. समोरून येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांचे काय काय गैरसमज झाले असतील, देव जाणे.

मी हे सगळं दुकानात बोललो. दुकानदाराने मला चहा पाजला आणि भाच्याला स्पीकर विकले.

खरी गंमत अशी की यात स्पीकरचा काही गुन्हाच नाही. गुन्हेगार आहे वारा. आणि त्याच्याबद्दलही गैरसमज आहे. भाचा म्हणतो, “मामा, वारा आवाज मागे उडवून नेतो, म्हणून मोठा स्पीकर लागतो.” अरे, आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास पळतो. ताशी ऐंशीने तू पळतोस सेकंदाला बावीस मीटर. तू त्याला काय मागे टाकणार? गाणं तुझ्या कानापर्यंत अगदी व्यवस्थित येऊन पोचतं. पोचल्यावर त्याला बसायला जागा मिळत नाही, एवढंच. कारण तुझं डोकं वाऱ्यात घुसल्यामुळे कानाभोवती जी घुसळण होते तिची गर्जना तिथे आधीच मांडी ठोकून बसलेली असते. साठ-पासष्टच्या पुढे ही गर्जना गाडीच्या इंजिनालाही हरवते. शंभराच्या वेगाला हेल्मेटच्या आतसुद्धा ती पंचाण्णव-शंभर डेसिबलच्या घरात जाते. 1990 च्या दशकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मोटारसायकलवाल्यांच्या कानाशी माइक लावून हे मोजून ठेवलं आहे. म्हणजे गोंगाट आपण आपल्याच डोक्याने तयार करायचा आणि तो बुडवायला स्पीकर विकत आणायचे.

त्यातून हेल्मेटचं आणखी एक आहे. वाऱ्याची घरघर खालच्या पट्टीतली, ती गाण्याचा खालचा भाग गिळते. तबल्याचा डग्गा गेला, तानपुरा गेला. हेल्मेटच्या आतला स्पंज वरच्या पट्टीतले आवाज शोषतो. झांजा गेल्या, बासरीची फुंकर गेली. मधे जो गाळ उरतो तो एखाद्याने पत्र्याच्या डब्यात तोंड घालून पावकी-निमकी म्हणावी तसा लागतो. आणि मग, ऐका, माझ्या रागाचं खरं कारण इथे आहे. गाणं नीट ऐकू यावं म्हणून हे लोक हेल्मेट काढून कोपरात अडकवतात. माझा भाचा अडकवतो. डोक्याचं संरक्षण करायला आणलेली वस्तू कोपराला, आणि डोकं गाण्याला.

आरोग्यवाल्यांचा एक हिशेब सांगतो आणि हे आकडे मिटवतो. पंच्याऐंशी डेसिबल कान रोज आठ तास सोसू शकतो. पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. वाऱ्यावर मात करायची म्हणून गाणं एकशे तीनला नेलंत की साडेसात मिनिटं. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलात तर बदनापूर यायच्या आत तुमच्या कानाचा त्या दिवसाचा शिधा संपला. पुढचं सगळं उधारीवर. ही उधारी पन्नाशीनंतर वसूल होते. एरवी शांत असलेल्या घरात माणसाला सारखी शिटी ऐकू येते आणि तो बायकोला विचारतो, “कुकर लावलायस का?”

बरं, स्वाराला ऐकू येत नाही, तर मग ऐकतं कोण? वाटेवरची जनता. पण तिला तरी गाणं मिळतं का? गाडी शंभर मीटरवर असल्यापासून शंभर मीटर पुढे जाईपर्यंत आवाज येतो असं धरा. ताशी ऐंशीला दोनशे मीटर म्हणजे नऊ सेकंद. नऊ सेकंदांत माणूस “अरे, हे तर ते…” एवढंच म्हणू शकतो. पाच मिनिटांचं गाणं पावणेसात किलोमीटरभर सांडत जातं. ध्रुवपद एका गावाला, कडवं पुढच्या फाट्याला, आणि मधला वाद्यमेळ कोणाच्या तरी उसाला. पुऱ्या गाण्याचा हिशेब लावायचा तर गावोगावच्या श्रोत्यांनी ग्रामसभा बोलावून आपापले तुकडे जुळवावे लागतील.

मला शास्त्रीय संगीताची थोडी आवड आहे. आमच्या जिल्ह्यात अंबडला दत्तजयंतीला गाण्याचा उत्सव होतो, तिथे सतरंजीवर बसून जी काही अक्कल आली तेवढीच. त्या अकलेने मी हिशेब केला. चांगला बडा ख्याल पाऊण तास चालतो. जालना ते संभाजीनगर साठ किलोमीटर. ताशी ऐंशीने बरोबर पाऊण तास. म्हणजे नागेवाडीला आलापी, बदनापूरला अंतरा, करमाडला बोलताना आणि चिकलठाण्याच्या विमानतळाशी तराणा. गवयाने आयुष्य घालवून जी गोष्ट एका जागी बसवली ती आपण साठ किलोमीटरभर खतासारखी फेकत न्यायची!

शिवाय ती खरी पट्टीतही पोचत नाही. गाडी आपल्याकडे येताना आवाजाचा सूर चढतो आणि दूर जाताना उतरतो. डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1842 मध्ये हे सांगितलं, आणि 1845 मध्ये हॉलंडात आगगाडीवर तुतारीवाले बसवून ते ताडूनही पाहिलं गेलं. गाडी ताशी ऐंशीला असेल तर येताना सूर साधारण एक पट्टी चढतो, जाताना एक पट्टी उतरतो. गवई काळी एकमध्ये गात असेल तर समोरून येताना तो पांढरी दोनला असतो आणि आपल्याला ओलांडून गेला की पांढरी एकला. घराण्याघराण्यांत षड्जावरून भांडणं झाली आहेत, त्या षड्जाची ही अवस्था. हॉलंडला या प्रयोगासाठी आगगाडी लागली. आमच्याकडे तो अंबड चौफुलीवर रोज संध्याकाळी फुकट होतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मी सरकारचा ऋणी आहे. समृद्धी महामार्ग जालन्याला खेटून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, शेवटचा 5 जून 2025 ला. एकूण 701 किलोमीटर. आणि त्यावर दुचाकीला मनाई आहे. लोक या मनाईवर रागावतात. मी तो रस्ता झाला तेव्हा पुन्हा हिशेब केला. ताशी ऐंशीने पावणेनऊ तास! रात्रभराची मैफल आणि शेवटी भैरवी. थोडक्यात वाचलो.

आता त्या पदराची गोष्ट सांगतो, कारण भाचा ती कोणाला सांगत नाही.

करमाडला लग्न होतं. ताई, म्हणजे भाच्याची आई, म्हणाली, एसटीने जाऊ. भाचा म्हणाला, “आई, नवी सिस्टीम आहे, गाणी ऐकत जाऊ.” मोटारसायकलच्या मागच्या चाकाला बाजूने झाकण असतं, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो. चाकात कपडा जाऊ नये म्हणून ते असावं असं 1989 च्या मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. भाच्याने ते काढून तिथे अँप्लिफायरची पेटी बसवली होती, कारण पेटीला दुसरीकडे जागा नव्हती. बदनापूरच्या अलीकडे वाऱ्याने ताईचा पदर सुटला आणि चाकाकडे निघाला. ताईने हाक मारली. आई काहीतरी बोलते आहे म्हणजे तिला गाणं ऐकू येत नसावं, अशा समजुतीने भाच्याने आवाज वाढवला. ताईने पाठीत गुद्दा मारला. त्याला वाटलं, आईने ठेका धरला. तेवढ्यात एका दूधवाल्याने आपली गाडी बरोबरीला आणून जोरजोराने हातवारे केले. हा दर्दी दिसतो असं वाटून भाच्याने त्याला अंगठा दाखवला. शेवटी ताईने त्याचा कान धरून पिळला. हेल्मेट कोपरात असल्यामुळे कान सापडला, हाच काय तो त्या सवयीचा फायदा. गाडी थांबली तेव्हा वीतभर पदर चाकात गेलेला होता.

ताई रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. स्पीकर चालूच होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन पुढे जे होतं त्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. त्या बातम्या तीन ओळींच्या असतात. ताईची बातमी झाली नाही, एवढंच; ती व्हायला आणखी वीतभर पदर पुरला असता.

तरी भाच्याचा एक मुद्दा आहे आणि तो मी खोडू शकलेलो नाही. तो म्हणाला, “मामा, कारवाले काचा लावून, एसी लावून गाणी ऐकत जातात, त्यांना कोणी बोलत नाही. आम्हीच उन्हात, आम्हीच धुळीत, आणि गाणंही आम्हीच ऐकायचं नाही?” यावर मी दोन दिवस गप्प होतो. खरं आहे त्याचं. जालन्याच्या मे महिन्यातल्या ऊन्हात, सळयांच्या ट्रकमागून धूर खात रोज जाणाऱ्या पोराला चार घटका करमणूक हवी असेल तर ती हौस चोरटी ठरत नाही. माझा आक्षेप हौसेवर नाहीच. ज्या दुकानाने त्याला शंभर वॉट विकले त्याने त्याला गाणं विकलेलं नाही, हा माझा आक्षेप आहे. श्रीमंतांच्या जगातही मोटारसायकलवर गाणं असतं. जपान्यांच्या गोल्डविंग नावाच्या गाडीवर 1980 पासून ते ऐकायची सोय आहे. पण ती गाडी बघा: वजन जवळपास चारशे किलो, आपल्याकडे किंमत चाळीस लाखांच्या आसपास, आणि समोर भलीमोठी काच. त्यांनी आधी वारा अडवला आणि मग गाणं लावलं. आपण वारा तसाच ठेवतो आणि वॉट मोजतो.

आणखी एक शहाणे निघाले आहेत, हेल्मेटच्या आत छोटे स्पीकर बसवणारे. यांच्याशी माझं भांडण निम्मं आहे. हिशेब त्यांच्या बाजूचा आहे हे कबूल. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. हँडलवरचा स्पीकर कानापासून ऐंशी सेंटिमीटरवर धरला आणि तो कानाशी अडीच सेंटिमीटरवर आणला, तर अंतर पाच वेळा निम्मं झालं, तीस डेसिबल. म्हणजे हँडलवर हजार वॉट जे करतील ते कानाशी एक वॉट करतो, आणि नातू झोपलेला राहतो. शेजारधर्माला धरून आहे. पण मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा कुठून ऐकणार? आमच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरची ट्रॉली मागचा दिवा नसताना चालते. सळयांच्या गाडीतून सळया हातभर बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला सूचना म्हणून एक लाल फडकं बांधलेलं असतं, जे अंधारात काळंच दिसतं. अशा रस्त्यावर डोळ्यांना जे दिसत नाही ते कानाला कळलं तर कळतं.

कायदा विचाराल तर कायदा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या गल्लीत दोन शेजारणी नळावर भेटल्या तरी ती ओलांडली जाते. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या भोंग्यांनाही वाहन नियमांत बंदी आहे; ती असताना ट्रकवाल्यांनी काय काय वाजवून दाखवलं हे आपण सर्वांनी ऐकलं आहे. त्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 2021 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये भोंग्यांतून बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम असे आपल्या वाद्यांचे आवाज यावेत असा विचार बोलून दाखवला. हेतू चांगला आहे. मला फक्त भाच्याची काळजी वाटते. उद्या मागून पंचवीस टनांचा ट्रक हार्मोनियम वाजवत आला तर हा त्याला साथीला आलाय असं समजेल आणि सम दाखवण्यासाठी मान हलवेल.

आमच्या लहानपणी गल्लीत एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे चामडी पाकिटातला ट्रान्झिस्टर होता. तेव्हा रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागे, ते त्यांनी काढलं होतं आणि ते पाहुण्यांना दाखवत. संध्याकाळी ते सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून विविध भारती लावत आणि गांधी चमनला एक फेरी मारत. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की फेरी आणखी सावकाश. त्या ट्रान्झिस्टरचा आवाज अर्धा वॉटसुद्धा नसेल. तरी त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येई, शेजारून चालणाऱ्यालाही येई, आणि गाणं आवडलं तर तो चार पावलं त्यांच्याबरोबर चाले. कोणी विचारलं, “कोण गातंय हो?” तर ते एक पाय जमिनीला टेकवून सांगत. वेग ताशी आठ-दहा किलोमीटर. वारा नावाची भानगडच नव्हती.

भाच्याला मी तोच उपाय सुचवला. म्हटलं, तुझ्या गाडीत एक फुकटचं अपग्रेड कंपनीनेच दिलेलं आहे, उजव्या मनगटाखाली. शंभरावरून पन्नासवर आलास की वाऱ्याची गर्जना पंधराएक डेसिबलने उतरते. तेवढाच फरक स्पीकरने पाडायचा तर तीसपट वॉट लागतील. मनगट सैल सोड. पैसे वाचतील, पेट्रोल वाचेल, आणि करमाडला पंधरा मिनिटं उशिरा पोचशील. लग्न तसंही मुहूर्तावर लागत नाही.

“मामा,” तो म्हणाला, “पन्नासने जायचं तर हायवे कशाला?”

यावर दुकानदारानेसुद्धा मला चहा पाजला नसता.

साडीगार्ड मात्र त्याने परत बसवलं. ताईने त्यासाठी दोन दिवस स्वयंपाकघर बंद ठेवलं होतं. अँप्लिफायरची पेटी आता सीटखाली कोंबली आहे आणि हेल्मेट महिन्यातून बरेच दिवस डोक्यावर असतं. स्पीकर आहेत तसेच आहेत. संध्याकाळी तो आणि त्याचे मित्र आमच्या ओट्यासमोर गाडी उभी करतात आणि इंजिन बंद ठेवून तासभर गाणी ऐकतात. उभ्या गाडीवर फार सुरेख ऐकू येतं, हे मी पूर्वग्रह सोडून सांगतो. एकदा मी आत बसून एक जुनं मराठी गाणं त्याच स्पीकरवर शेवटपर्यंत ऐकलं आणि भाच्याला तसं कळू दिलं नाही.

परवा सकाळी त्याला कामावर जायचं होतं, तर गाडी बटणाने सुरू होईना. रात्रभरात बॅटरी पार बसलेली. किक मारून पायाला गोळे आले. शेवटी तो हँडल धरून पुढे आणि मी मागून, अशी आम्ही गाडी ढकलत गांधी चमनकडे मेकॅनिककडे नेली. स्पीकर अर्थातच मुके होते. भाच्याने वरच्या खिशातल्या मोबाइलवर बारीक आवाजात गाणं लावलं. आम्ही ताशी तीन किलोमीटरने चाललो होतो. मला मागेसुद्धा शब्दन् शब्द ऐकू येत होता. मोठ्या रस्त्याच्या वळणावर त्याने मागे वळून विचारलं, “मामा, ऐकू येतंय का? वाढवू?”